गवताचा कावळा

गावात कुणी गेलं आणि दहाव्याला कावळा शिवायला वेळ लागला, की म्हाताऱ्या अजून म्हणतात, "आज हिराजीबाबा पायजे व्हता." मी म्हणते, नाही तेच बरं आहे. मग त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू मीच त्याला मारला. मी त्याला मारला नाही. तो म्हातारा होऊन, खोकून खोकून आपल्या घरात मेला. पण तो जिवंत असताना मी त्याच्या पाया पडले नाही आणि मेल्यावरही पडले नाही, एवढं खरं.

आमचं गाव खाडीच्या अलीकडे, सातपाटी पलीकडे. समुद्राच्या बाजूला सुरूची झाडं, झाडांच्या पुढे मसण, आणि मसणाला लागून वाळूचा एक उंचवटा. दहाव्याचे विधी तिथे व्हायचे. तिथून पन्नास पावलांवर बोंबील सुकवायचे मांडव सुरू. बांबू उभे, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि दोरीवर दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले. ज्याने ही जागा ठरवली त्याने डोकं चालवलं नव्हतं. माझा मांडव सगळ्यात शेवटचा, उंचवट्याच्या बाजूचा. त्यामुळे वीस-बावीस वर्षांत गावातला एकही दहावा माझ्या नजरेतून सुटला नाही. मला हौस नव्हती. ओले बोंबील टांगले की राखायला बसावंच लागतं. हातात लांब काठी, बाजूला डालड्याचा रिकामा डबा वाजवायला, आणि डोळे वर. कावळ्यांवर.

हिराजीबाबाचेही डोळे वरच असायचे. तो तुमच्याशी बोलायचा तेव्हा तुमच्या डोक्यावरून बघायचा. उंच, वाळलेला, डोक्याला पांढरा रुमाल, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. तरणा होता तेव्हा होडीवर तांडेल होता, सगळ्या खलाशांचा म्होरक्या. नांगराच्या दोरात हात अडकला, बोटं गेली, आणि त्याने समुद्र सोडला. मग माणूस रिकामा. रिकाम्या माणसाला काहीतरी लागतं. कुणी पत्ते खेळतं, कुणी ताडी पितं. हा दहाव्याला जाऊन बसायला लागला. आधी न बोलावता जायचा. पाच-सहा वर्षांत असं झालं की तो आल्याशिवाय पिंड मांडत नसत.

त्याची काळी छत्री होती, पावसात आणि उन्हातही. उंचवट्याजवळ एक फुटकी होडी उलटी पडलेली होती, तिच्यावर तो बसायचा, छत्री दोन गुडघ्यांत धरून. घरच्या माणसांना जवळ बोलावून हळूच विचारायचा. म्हातारा शेवटी काय खायला मागत होता? कुणाशी बोलत नव्हता? झोपेत कुणाचं नाव घेत होता? सगळं नीट ऐकून घ्यायचा. कावळा आला नाही, की एकेकाला पुढे करायचा. "तू बोल. घाई नाय करायची. जित्यानी बोलावं, मेलेल्यानी आयकावं. मेलेला मानूस खोटं बोलत नाय."

जिवंतांनी काय काय बोलायचं ते तो सांगायचा. भावाने सांगायचं, तुझ्या पोरांना अंतर देणार नाही. मुलाने सांगायचं, आईला सांभाळीन. आणि कावळा पिंडाला शिवला, की शेवटी जे बोललं गेलं तेच मेलेल्याच्या मनात होतं, असा हिशोब. त्याच्याआधी दहाजणांनी दहा गोष्टी कबूल केलेल्या असत. त्या वाऱ्यावर. शेवटची तेवढी पक्की.

या कामाचा तो एक पैसा घेत नसे. सुपारीचं खांड तेवढं घ्यायचा. लोक म्हणायचे, बघा केवढा निःस्वार्थी. मला वाटायचं, याने पैसे घेतले असते तर बरं झालं असतं. मग लोकांनी घासाघीस केली असती, शिव्या दिल्या असत्या, एखादवेळी नकोही म्हणाले असते. फुकट देणाऱ्याला नको कोण म्हणणार?

आणखी एक त्याचा हट्ट होता. कावळा आलाच नाही तर भटजी दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला लावतात आणि मोकळे होतात. शास्त्रातच तशी सोय आहे, असं आमचे भटजी सांगायचे. ते पालघरहून एसटीने यायचे आणि त्यांना परतीची गाडी असायची. ते म्हणायचे, "अहो, दर्भाचा करतो आणि उरकतो. किती वेळ माणसं उन्हात उभी करणार?" हिराजीबाबा त्यांच्याकडे न बघता म्हणायचा, "गवताचा कावला गवताला शिवंल, भटजी. मानसाचं काय?" भटजी दर्भ पिशवीत परत ठेवायचे. आपल्यापेक्षा जास्त देवभोळ्या माणसापुढे भटाचं काही चालत नाही, हे मी तिथे बघितलं.

गमतीही व्हायच्या. पांडू तांडेल मेला तेव्हा दोन तास कावळा येईना. मुलगा बोलून दमला, भाऊ बोलून दमला. हिराजीबाबाने सुनेला निरोप पाठवून ताडीचा गडवा आणवला आणि पिंडाशेजारी द्रोणात ताडी ओतली. कावळा आला, द्रोणात चोच घातली, पिंडावर पाय देऊन उडाला. सगळे हसले, रडत होते तेही. "बाबा गेला तो पिऊनच गेला," मुलगा म्हणाला. माझ्या बाजूला बोंबील टांगत बसलेली जनीसुद्धा डोळे पुसत होती. राधीकाकी गेली तेव्हा तिच्या सुनांनी पेटीची किल्ली पिंडापुढे ठेवायला पाठवली, म्हातारी मरेपर्यंत कमरेची सोडत नव्हती ती. कावळा शिवला. किल्ली घरी आली, सुनांनी पेटी उघडली, आत जुनी लुगडी आणि उंदराच्या लेंड्या.

लोक मोकळे होऊन घरी जायचे, हे मी नाकारत नाही. येताना खांदे पडलेले, जाताना चालीत फरक. मी डोळ्यांनी बघितलंय. पण पांडू तांडेलही ताडी पिऊन असाच मोकळा व्हायचा, आणि त्याची बायको मार खायची.

आणि सगळ्यांचं कुठे जमायचं? फाल्गुनात एका पोरीची आई गेली. बोंबील धो धो लागलेले, गावभर वास. सकाळपासून दुपारपर्यंत कावळा म्हणून खाली उतरला नाही. हिराजीबाबा उठला, छत्री उघडली आणि म्हणाला, "हिचं कायतरी मोठं राहिलंय. मला नाय उमगत." एवढं बोलून गेला जेवायला. पोरगी वर्षभर दाराबाहेर पाण्याचा तांब्या ठेवत होती, आई तहानलेली फिरतेय म्हणून. अंगावर मांस उरलं नाही तिच्या. तिला काय कमी होतं? आईला मरेपर्यंत हिने न्हाऊ-माखू घातलं होतं.

मला एक गोष्ट फार लवकर कळली होती. कळायला शाळा लागत नाही, बोंबील राखावे लागतात. आमच्या गावात कार्तिकापासून वैशाखापर्यंत जो मरेल त्याला कावळा लवकर शिवत नाही. पावसाळ्यात जो मरेल त्याचा पिंड भटजीचा हात बाजूला होतो न होतो तोच उचलला जातो. पावसात होड्या वर ओढलेल्या, मांडव रिकामे, कावळे उपाशी. थंडीत त्यांचं पोट आमच्या बोंबलांनी आणि जवळ्याच्या बारीक कोलंबीने तटतटलेलं, त्यांना कोरडा भात कशाला? जगात सगळीकडे माणसं कशीही मरोत, आमच्याकडे आषाढात मेलेला तृप्त आणि पौषात मेलेला अतृप्त. मग तो आयुष्यभर कसाही वागलेला असो.

मी हे हिराजीबाबाला तोंडावर सांगितलं. तो होडीवर बसून सुपारी चघळत होता.

"बाबा, पावसात कावले उपाशी असतात म्हणून शिवतात. आता पोट भरलंय त्यांचं."

त्याने माझ्या डोक्यावरून वर बघितलं. "मथुरे, पावसात मानसाचा जीव पान्यासारखा मोकला व्हतो. म्हनून शिवतात."

"मग बोंबलाच्या दिवसांत जीवाला काय बद्धकोष्ठ व्हतं?"

तो हसला. त्याला राग कधी यायचा नाही, हाही त्याचा एक दुर्गुण. रागावला असता तर भांडता आलं असतं.

आता सुमनचं सांगते. त्याच्यासाठीच हे लिहायला बसले.

सुमनचं आणि आमचं घर भिंतीला भिंत. तिचा नवरा जगन बोईसरला नव्या कारखान्यात लागला होता. गावातली बरीच तरणी पोरं तेव्हा होडी सोडून तिकडे जायला लागली होती. सायकलने जायचा, सायकलने यायचा. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पोर नव्हतं. पौषात एका संध्याकाळी येताना त्याला ट्रकने उडवलं. जागच्या जागी गेला. एक शब्द बोलला नाही. सुमन तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची. पहिले चार दिवस ती एकच विचारायची, "कायतरी बोलला असंल ना? कुणाला तरी?" जो रस्त्याने येईल त्याला विचारायची. कुणीच काही ऐकलं नव्हतं.

आमच्या जातीत विधवेचं पुन्हा लग्न होतं, त्याला दुसरं घर करणं म्हणतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या सख्ख्या आत्याचं झालं होतं, तिला तिकडे चार पोरं झाली. सुमनचंही वर्षा-दोन वर्षांत झालं असतं.

दहाव्याला सकाळी भाऊबंद, भटजी, हिराजीबाबा सगळे उंचवट्यावर. मी माझ्या मांडवात. त्या दिवशी बोंबील इतके आले होते की दोऱ्या वाकल्या होत्या, आणि कावळेही तसेच. जगनचा भाऊ बोलला, आईला बघीन. काका बोलला, घराचं छप्पर करून देऊ. कावळा नाही. एक तास गेला, दीड तास गेला. भटजी म्हणाले, "आता दर्भाचा करू या. माझी गाडी आहे, आणि समुद्र बघा." भरती चढत होती. उंचवट्याच्या पायाशी पाणी आलं होतं.

हिराजीबाबा म्हणाला, "नाय. तरना मानूस हाय, तरन्या मानसाचं मन बायकोत असतं. तिला बोलवा."

बायका दहाव्याला जात नाहीत. पण बाबा म्हणाला म्हणून सुमनला घरून आणलं. तिला एका बाजूने सासूने धरलं होतं. हिराजीबाबाने तिच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मला तहान लागली होती, मी मागे मडक्यावर पाणी प्यायला गेले होते. परत वळले तर माझ्या मांडवावर कावळ्यांची जत्रा. मी शिवी दिली, डबा वाजवला आणि काठी दोरीवर अशी मारली की सगळे एकदम उडाले. त्यातला एक उंचवट्याच्या बाजूला वळला. तेवढ्यात सुमनचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"मी दुसरं घर करनार नाय. तुजीच ऱ्हाईन."

कावळा पिंडावर उतरला. माझ्या मांडवावरचा कावळा. त्याच्या चोचीत माझ्या बोंबलाचं शेपूट होतं. ते तोंडात सांभाळत तो भातावर दोन पावलं चालला आणि उडाला. "शिवला! शिवला!" सगळ्यांनी हात जोडले. सासू रडायला लागली. आणि सुमन, जी चौथ्या दिवसानंतर दगडासारखी झाली होती, तिच्या तोंडावर मी जे बघितलं ते मला आवडलं नाही. ती खूश झाली होती. तिला नवऱ्याचा निरोप मिळाला होता.

मी काठी हातात धरून उभी. मला वाटलं, बोलावं. मग वाटलं, दहाव्याला कशाला तमाशा, चार दिवसांनी विसरेल पोरगी.

ती विसरली नाही. तीन वर्षं गेली. सातपाटीचा दामोदर बर्फाचा टेम्पो चालवायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, लहान मुलगी होती. होडीने खाडी ओलांडून तो स्वतः विचारायला आला, कुणाला मध्ये न घालता. चांगला माणूस. हसला तर पुढचा एक दात नसलेला दिसायचा, पण हसायचा पुष्कळ. सासूने त्याला बसवून चहा दिला आणि आत जाऊन सुमनला म्हणाली, "कर गो. मी काय आज हाय उद्या नाय." सासू म्हणाली! त्यावर सुमन काय म्हणाली? "आई, मी त्याला बोललेय. तो कावल्याच्या रूपानी येऊन आयकून गेला." दामोदर परत गेला. सहा महिन्यांनी पुन्हा आला. वर्षाने पुन्हा. तिसऱ्यांदा आला तेव्हा सुमन त्याच्या मुलीसाठी फ्रॉक शिवून तयार ठेवून बसली होती. फ्रॉक दिला आणि नाही म्हणाली. भिंतीला भिंत असल्यामुळे मला नको ते ऐकू येतं. त्या दिवशी तिने दार लावून घेतलं आणि तोंडात पदर कोंबून रडत होती. बाहेर आली ती डोळे धुऊन, "वैनी, आज बोंबील किती आलं?" असं विचारत.

तेव्हा मी तिला सांगितलं. आम्ही दोघी बोंबील टांगत होतो. मी म्हटलं, "सुमन, तो कावला माझ्या मांडवावरचा व्हता. मी पानी पिऊन वळले आनि मीच हाकललेला. त्याच्या चोचीत माज्या बोंबलाचं शेपूट व्हतं. जगन नाय की फगन नाय."

तिने हातातले दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवले, दोरीवर टाकले आणि शांतपणे म्हणाली, "वैनी, तुमाला त्याच टायमाला पान्यावरून कुनी उठवलं?"

अशा माणसापुढे काय बोलणार? जे सांगाल ते त्यांच्याच पोत्यात जातं. कावळा आला, देवाने आणला. मी आणला, तर मला देवाने आणलं. मी खोटं बोलते म्हटलं, तर देव परीक्षा बघतो. बाहेर यायला एक फट ठेवलेली नाही.

मी तिथून थेट हिराजीबाबाकडे गेले. तो ओट्यावर बसून छत्रीची तार बांधत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शेपटापर्यंत आले तेव्हा तो म्हणाला, "शेपूट मी पन बघितलं व्हतं."

मला पहिल्यांदा वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"बघितलं? मग बोलला का नाय?"

"भरती पायाला लागली व्हती, मथुरे. सगली मानसं उभी. पिंड पान्यात गेला असता तर तिला जल्मभर वाटलं असतं, नवरा रुसून गेला."

"आणि भटजी गवताचा करत व्हता तो?"

तो तार पिळत राहिला.

"म्हंजे तुला सगलं ठावं हाय. कावले पोट भरलेले असतात, पावसात उपाशी असतात, सगलं."

"मी तांडेल व्हतो," तो म्हणाला. "पाखरं कुठं उतरतात आनि का, त्याच्यावर आमी जालं टाकायचो. मला कसं नाय ठावं? पन लोकांना तिथनं उठून घरी जायला कायतरी लागतं. नायतर बसून ऱ्हातात."

एवढी वर्षं मी त्याला मूर्ख समजत होते. मूर्ख असता तर मी माफ केलं असतं. मी म्हटलं, "लोकांना घरी पाठवलंस आनि हिचं घर घेतलंस. जा, तिला सांग."

तो गेला, हे कबूल करते. दुसऱ्याच दिवशी रुमाल बांधून, छत्री घेऊन सुमनच्या दारात. मी भिंतीला कान लावला, लपवायचं काय. तो म्हणाला, "पोरी, तू मोकली हाय. मी सांगतो." आणि सुमन म्हणाली, "बाबा, वचन मी तुमाला नाय दिलं. ज्याला दिलं त्यानी सांगू दे." त्यानेच शिकवलेलं त्याला परत मिळालं.

मग म्हाताऱ्याने डाव काढला. मला म्हणाला, "त्यालाच इचारू. आषाढाच्या अवसेला. होड्या वर असतील, कावले उपाशी. तिनी भात ठेवायचा आनि म्हनायचं, मला मोकलं कर. झट शिवंल." मला त्याची किळस आली. एक खोटं काढायला दुसरं खोटं. पण तेव्हा दामोदर अजून थांबला होता आणि सुमन तिशीला आली नव्हती. मी म्हटलं, कर बाबा.

सुमन कबूल झाली, हेच मोठं. कबूल झाली म्हणजे तिच्याही मनात होतं. त्या सकाळी पाऊस थांबलेला, समुद्र मातकट, उंचवट्यावर आम्ही तिघंच. सुमन हिरवं लुगडं नेसली होती, कपाळावर घाम. हिराजीबाबा उलट्या होडीवर, छत्री उघडून. मला बोंबलांसारखा उग्र वास आला. आषाढात बोंबील कुठले? मी त्याच्या मागून गेले आणि बघितलं, छत्रीच्या आड त्याच्या तीन बोटांच्या मुठीत सुका जवळा होता. बाजूच्या वाळूत दोन चिमट्या टाकलेल्याही होत्या. ज्याने जन्मात कधी कावळ्याला दाणा टाकला नव्हता, गवताचा कावळा चालू दिला नव्हता, तो जवळा घेऊन बसला होता. खात्री करायला.

आणि तिथेच सगळं फसलं. उपाशी कावळे, त्यात जवळ्याचा वास. सुमन पान घेऊन वाकली, भात वाळूवर ठेवला, तिचा हात अजून पानावर होता. ती सरळ होऊन, हात जोडून तोंड उघडणार, त्याआधी तीन कावळे एकदम उतरले. भात विस्कटला. एकाने पानसुद्धा ओढलं.

सुमन उघड्या तोंडाने बघत राहिली. मग तिचे ओठ मिटले. "मी मागायच्या आधीच शिवला," ती म्हणाली. "म्हंजे काय मागायचं नाय. मी हाय तशीच त्याला बरी वाटते."

हिराजीबाबा उठला. "नाय गो, पोरी, तसं नाय..." तो उठला आणि मुठीतला जवळा सांडला. कावळे त्याच्या पायांशी आले. तो त्यांना छत्रीने हाकलत होता आणि ते जात नव्हते. सुमनने ते बघितलंसुद्धा नाही. ती घराकडे चालत निघाली होती, आणि चालीत फरक होता. मोकळी झाल्यासारखी.

दामोदरने पुढच्या उन्हाळ्यात डहाणूकडची बायको केली. सुमनने त्या मुलीसाठी आणखी एक फ्रॉक पाठवला.

हिराजीबाबा त्यानंतर दहाव्याला गेला नाही. बोलावणं आलं की गुडघे दुखतात सांगायचा. बायको आधीच गेली होती, मुलगा बोईसरला कंपनीच्या खोलीत. म्हाताऱ्याला पेज कोण देणार? सुमन देत होती. दोन वर्षं, दोन वेळा. मी त्याला शेवटचा जिवंत बघितला तो असा: सुमन पेजेची वाटी घेऊन आत गेली, आणि हा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. "ठेव आनि जा," म्हणाला. ती म्हणाली, "बाबा, गरम हाय तवर घ्या." तो वळला नाही. ती गेल्यावर वळला, मला दारात बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. त्याला सुख लागलं असेल असं मला वाटत नाही. लागायचं कारणही नव्हतं.

माघात गेला. बोंबलाचा भर. दहाव्याला मुलाची दुपारची पाळी होती. भटजीही नवे, जुन्या भटजींचा मुलगा, मोटारसायकलवाला. पाच मिनिटं वाट बघितली, मग त्याने दर्भाच्या चार काड्या वळल्या, पिंडाला लावल्या, "शिवला," म्हणाला. झालं. माणसं पांगली. मला हसू आलं. ज्याने गावाला उन्हात उभं केलं त्याला गवताचा कावळा.

सगळे गेल्यावर सुमन आली. हातात त्याची छत्री. माझ्याकडे येऊन म्हणाली, "वैनी, गवताचा लावला ना? बाबाला चालत नव्हता."

"त्याला आता सगलं चालतं. घरी जा."

ती गेली नाही. उंचवट्यावर जाऊन पिंडापुढे बसली. ऊन चढलं तशी छत्री उघडली आणि भातावर धरली, स्वतः उन्हात. कावळे माझ्या मांडवावर, पोटं भरलेले, चोची पुसत. एक तास झाला. भरती वर यायला लागली. मी दोनदा हाक मारली. तिने मान वळवली नाही. मग तिने छत्री खाली ठेवली, हात जोडले आणि पिंडाकडे वाकून म्हणाली, "बाबा, तुमचं काय राहिलं असंल तर मी..."

ती आता काय कबूल करणार होती कुणास ठाऊक. त्याच्या घरात दिवा लावीन, त्याच्या मुलाचं करीन, रोज इथे भात ठेवीन. तिच्याकडे अजून बरीच वर्षं उरलेली होती आणि ती कुणाला तरी देऊन टाकायला ती तयारच होती.

मी काठी उचलली आणि माझ्याच दोरीवर जीव खाऊन मारली. डबाही वाजवला. कावळे उडाले. दोन-तीन उंचवट्याच्या बाजूला वळले, एक भातावर उतरला, टोच मारली, गेला.

सुमनचं वाक्य अर्धंच राहिलं. तिने हात कपाळाला लावले, उठली, लुगड्याची वाळू झटकली, छत्री मिटली. माझ्या मांडवाशी येऊन म्हणाली, "शिवला, वैनी. काय बोलावं लागलं नाय."

"बरं झालं," मी म्हटलं. "जा, जेव जा."

ती गेली. काठीच्या फटक्याने माझे चार बोंबील खाली पडले होते. ते उचलले, वाळू झटकली आणि परत टांगले.